पिंगळीवाली

विकलेली वस्तू पुन्हा विकत घेणे हा व्यवहाराच्या दृष्टीने वेडेपणाच म्हटला पाहिजे. गहाण टाकलेले आपण सोडवतो, हरवलेले आपल्याला सापडते, चोरीला गेलेले पोलीस हस्तगत करतात. या सगळ्यांना आपल्या भाषेत नेमके शब्द आहेत. पण राजीखुशीने विकलेली वस्तू वर्षांनी दाम मोजून घरी आणावी, या उद्योगाला एखादा साधा घरगुती शब्दही मला सापडला नाही. शहाण्या माणसांना त्याची गरज पडली नसावी! मला मात्र पडली. कारण माझ्या वडिलांनी १९७३ साली विकलेली ठासणीची बंदूक मी २०२१ साली परत विकत घेतली.

बंदूक म्हटल्यावर वाचकांच्या डोळ्यांपुढे वाघाच्या धुडावर पाय ठेवून उभा असलेला एखादा संस्थानिक येईल, तर तो आधी दूर करावा. आमचे गाव पिंगळी. परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे लहानसे स्टेशन, भोवती काळी रानं आणि ज्वारी-कापसाची शेती. आमची बंदूक एकनळी. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंध्यांचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि सगळे गजाने ठासायचे. मागे केप बसवायची, घोडा चढवायचा आणि मग देवाचे नाव घेऊन चाप ओढायचा. एवढा सोहळा होईपर्यंत रानडुक्कर शेजारच्या शिवारात पोचलेले असे. तिच्या दस्त्याला एकदा तडा गेला होता. गावच्या लोहाराने त्यावर पितळेची पट्टी ठोकली होती. तिचे पाच खिळे सरळ आणि सहावा वाकडा.

निजामाच्या राज्यात आजोबांकडे गावची पोलीस पाटीलकी होती, तिच्याबरोबर ही बंदूक आली. रझाकारांच्या धामधुमीत ते ती मांडीवर घेऊन रात्ररात्र ओसरीवर बसत. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद शरण आले तोवर त्यांनी तिचा एकही बार काढला नव्हता, आणि याचाच त्यांना अभिमान होता. पुढे १ ऑक्टोबर १९६२ पासून नवा शस्त्र कायदा अमलात आला आणि परवाना वडिलांच्या नावावर झाला. वडिलांना आम्ही दादा म्हणत असू.

मग १९७२ चा दुष्काळ आला. त्याच वर्षी १८ मे रोजी परभणीला कृषी विद्यापीठ स्थापन झाले, आणि त्याच वर्षी पावसाने पाठ फिरवली. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. तांबड्या मिलोच्या भाकरी, सुकडी आणि खडी फोडण्याची कामे या तिन्ही गोष्टी त्या वर्षी पोर असलेल्या कोणत्याही मराठवाडी माणसाला विचारा, तो डोळे मिटून सांगेल. पाटलाच्या घरातली माणसेही खडीवर गेली. माणसांचे भागत होते, जनावरांचे काय? आमचे मोऱ्या आणि पवळ्या हे दोन बैल दावणीला उभे होते, त्यांच्या बरगड्या लांबून मोजता येत. कडबा सोन्याच्या भावाने जात होता, आणि घरातले सोने तर कधीच गेले होते.

१९७३ च्या चैत्रात दादांनी बंदूक विकली. घेणारे गृहस्थ पूर्णेकडचे, परवानेदार. कायद्याप्रमाणे आधी लेखी कळवले, सह्या झाल्या, साडेतीनशे रुपये हाती आले. दादा मीटरगेजच्या गाडीने पूर्णेला गेले आणि कडब्याची गाडी ठरवून परतले. आई चुलीपाशी तोंड फिरवून बसली होती. दादा तिला एवढेच म्हणाले, “बंदूक रानातल्या जनावरापासून पीक राखती. औंदा तिनं घरचं जनावर राखलं, असं म्हन.”

मोऱ्या आणि पवळ्या त्या पावसाळ्यात औताला जुंपले गेले. त्यानंतर आजतागायत मला त्या व्यवहारात काही गैर झाले असे वाटलेले नाही. उलट त्या बंदुकीने तिच्या साऱ्या आयुष्यात केलेली सर्वांत मोठी राखण हीच, असेच मी मानतो.

पण माजघराच्या भिंतीवर बंदुकीच्या दोन खुंट्या राहिल्या. खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रांची आणि अवजारांची पूजा होते. विळा, कुऱ्हाड, पांभर, कुळव यांना हळदकुंकू वाहून झाले, की आई त्या मोकळ्या खुंट्यांनाही दोन बोटे लावी. दादा ते पाहत आणि बाहेर निघून जात. दादा गेले, घराचे माळवद जाऊन स्लॅब पडला. खुंट्या मात्र आईने नव्या भिंतीत बसवून घेतल्या. गवंडी म्हणाला, “आजी, इथं काय अडकवणार?” आई म्हणाली, “आसू दे.”

डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली. पूर्वी एका माणसाला तीन बंदुका बाळगता येत, त्या आता दोनच झाल्या; तिसरी वर्षाच्या आत पोलीस ठाण्यात किंवा परवानेदार व्यापाऱ्याकडे जमा करायची होती. दिल्लीत झालेल्या या दुरुस्तीने पूर्णेकडच्या त्या घरातली तिसरी बंदूक बाहेर काढली. मी पीकसंरक्षणाच्या परवान्यासाठी अर्ज अगोदरच केला होता. आमच्या रानात डुकरे आणि रोही कळपाने उतरतात. त्यांना मारायला वन खात्याची वेगळी परवानगी लागते, पण नुसत्या आवाजानेही रात्र निभावते. पोलिसांची चौकशी, डॉक्टरांचा दाखला, शस्त्र हाताळण्याचे शिक्षण असे सर्व सोपस्कार साठीच्या वयात पार पाडून मी परवाना मिळवला. बंदुकीपेक्षा हेलपाट्यांनाच पैसा जास्त लागला.

अलीकडे, २०२५ साली, महाराष्ट्र सरकारने नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावात ४७.१५ लाख रुपयांना घेतली. १८ ऑगस्टला ती मुंबईत आली तेव्हा आपलीच वस्तू आपण विकत का घ्यावी, हा प्रश्न माझ्याही मनात आला. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर ती गेली असावी असा तर्क आहे. म्हणजे ती आपण विकली नव्हती. तिच्यासाठी मागणाऱ्याचा आवाज चढला तरी शोभतो. माझे तसे नव्हते. दादांची सही स्वच्छ होती, पैसे पुरते मिळाले होते, त्या पैशांनी बैल जगले होते. माझा हक्क असा कोणताच नव्हता. फक्त गिऱ्हाईक म्हणून रांगेत उभे राहायचे होते.

व्यापाऱ्याच्या दुकानात बंदूक पुढ्यात आली. मी आधी दस्ता पाहिला. पितळेची पट्टी होती, सहावा खिळा वाकडाच होता. पण पट्टी लखलखीत घासलेली, नळीला तेल, आणि चाप आमच्या घरी कधी नव्हता इतका हलका. मी हिशेब केला: दादांच्या नावावर ती जेमतेम अकरा वर्षे होती, या लोकांनी तिला सत्तेचाळीस वर्षे सांभाळली होती.

विकत घेणाऱ्या गृहस्थांचा नातू सहीसाठी आला होता. सही करून तो थोडा घुटमळला आणि म्हणाला, “काका, आमच्या घरी हिला पिंगळीवाली म्हन्तेत. आज्यापासून तेच नाव. दसऱ्याला आजी पहिलं कुंकू पिंगळीवालीला लावायची.”

आमच्याकडे सून सासरी गेली की तिचे स्वतःचे नाव मागे पडते आणि माहेरच्या गावावरून तिला हाक मारतात, हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. पण बंदुकीला? आम्ही तिला कधी नावच ठेवले नव्हते. आमच्या घरी ती नुसती बंदूक होती. ज्या घरात ती विकली गेली असे मी समजत होतो, त्या घरात ती नांदली होती. आणि आता तिथल्या भिंतीवर खुंट्या मोकळ्या झाल्या होत्या, माझ्यामुळे नसल्या तरी माझ्या सोयीने. माझ्या हातात बंदूक होती आणि त्या पोराचे हात मोकळे होते. मी त्याला म्हटले, “नवमीला आजीला घेऊन पिंगळीला या.” तो हो म्हणाला, अशा वेळी माणसे हो म्हणतात, तसे.

घरी आणली तेव्हा आई अंथरुणावरच होती. वय नव्वदीकडे झुकलेले, दृष्टी मंद. तिने बोटांनी पट्टी चाचपली, वाकड्या खिळ्याशी बोट थांबले. पिंगळीवाली या नावाची हकीकत मी तिला सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “तिकडं पिंगळीवाली, तर हितं पूर्णेवाली म्हना. तिकडचं नाव पुसू नगा.”

त्या वर्षी खंडेनवमीला पूर्णेची आजी खरोखरच आली. नातवाचा हात धरून ती माजघरात शिरली, आणि आईने हळदकुंकवाची वाटी स्वतः न घेता तिच्यापुढे केली. दोघी म्हाताऱ्या एकमेकींना कधी भेटलेल्या नव्हत्या. तरी त्या तिन्हीसांजेपर्यंत बोलत बसल्या, एखाद्या सामाईक लेकीविषयी विहिणींनी बोलावे तशा.