बिनपगारी खेळगडी

माणसानं दमावं. दमण्यात कमीपणा काही नाही. उलट आमच्या शाहूवाडी तालुक्यात न दमलेल्या माणसाकडे लोक जरा संशयानंच पाहतात. दर पावसाळ्यात पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे माणसांची रीघ लागते. 1660 च्या जुलैत बाजीप्रभूंनी जी वाट गाजवली, ती चालायला पुण्या-मुंबईची पोरं भर पावसात येतात. दोन दिवस चिखल तुडवतात, घसरतात, भिजतात, आणि खिंडीत पोचल्यावर 'मेलो रे, मेलो' असं इतक्या आनंदानं ओरडतात की, जिवंत माणसाला त्यांचा हेवा वाटावा. या दमण्याला औषधही सोपं. गरम चहा, कोरडे कपडे आणि आडवं व्हायला जागा. सकाळी माणूस पुन्हा ताजातवाना!

दुसरं दमणं बसल्या जागी येतं. त्यात घाम येत नाही, पाय दुखत नाहीत, भूकसुद्धा लागत नाही. फक्त अंगठा दुखतो आणि जीव विटतो. ज्याला खेळ म्हणतात, ज्यात मौज असायची असा ठराव आहे, त्याच गोष्टीनं माणूस पार शिणून जातो. मराठीत याला 'वीट येणं' म्हणतात. हा शब्द कोणी शोधला देव जाणे, पण शोधणारा द्रष्टा असला पाहिजे. कारण 1984 साली मॉस्कोत अलेक्सी पाजितनोव्ह नावाच्या गृहस्थानं जो 'टेट्रिस' काढला, त्यात वरून पडतात त्या विटाच. आपल्याकडे नव्वदीच्या दशकात तो हातात मावणारा 'ब्रिक गेम' होऊन आला. विटा पडतात, आपण रचतो, त्या आणखी जोरात पडतात, आपण आणखी घाईनं रचतो. यात जिंकणं नाहीच. फक्त हरायला किती वेळ लावता एवढंच बघायचं. पुढं 2023 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या एका 13 वर्षांच्या मुलानं जुन्या टेट्रिसमध्ये विटा रचत रचत अशी वेळ आणली की, शेवटी यंत्रच गोठून बसलं. माणसाच्या आधी यंत्र दमल्याची ही बहुधा एकमेव नोंद. बाकी सगळीकडे आपणच.

माझं क्षेत्र विटांचं नव्हे, शेतीचं. म्हणजे फोनवरच्या शेतीचं.

झालं असं की, तीस वर्षं कारकुनी करून मी निवृत्त झालो, आणि पहिलाच पावसाळा अंगावर आला. आमच्याकडे पाऊस पडत नाही, मुक्कामाला येतो. जूनमध्ये आंब्याच्या घाटावर धुकं बसलं, कडवी नदी फुगली की, मलकापूरच्या बाजारपेठेत छत्र्यांखेरीज काही दिसत नाही. बाहेर जावं तर भिजावं, घरात बसावं तर सौभाग्यवतींच्या नजरेसमोर यावं. मुलीला दया आली. तिनं माझ्या फोनवर शेतीचा एक खेळ घालून दिला. म्हणाली, "बाबा, तेवढाच वेळ जाईल."

वेळ गेला. म्हणजे अगदी सगळाच गेला.

या खेळात गहू दोन मिनिटांत येतो, मका पाच मिनिटांत आणि ऊस बरोबर अर्ध्या तासात. कोंबड्यांना खाद्य घातलं की, वीस मिनिटांत अंडी. सुरुवातीला मी हरखून गेलो. आयुष्यात कुठलंही काम इतक्या वेगानं होताना मी पाहिलं नव्हतं. आमच्या ऑफिसात तर अर्ध्या तासात फाईल शेजारच्या टेबलावरही जात नसे. पण दोन मिनिटांत येणाऱ्या गव्हाचा स्वभाव असा की, तो दर दोन मिनिटांनी कापावा लागतो. खऱ्या शेतकऱ्याला पेरणी आणि कापणीच्या मधे निदान झोपायला तरी मिळतं.

त्यातून रोजची हजेरी. खेळ उघडला की रोज एक बक्षीस, म्हणून रोज उघडायचा. मग 'शेजार' नावाचा प्रकार निघाला. तीसपर्यंत शेतकऱ्यांचा एक गट, आणि दर मंगळवारी सुरू होणारी आठवडाभराची शर्यत. प्रत्येकानं आपल्या वाट्याची कामं वेळेत पुरी करायची. आमच्या गटाच्या प्रमुख इचलकरंजीच्या एक वहिनी. अत्यंत मृदू बोलणं. "काका, तब्येत बरी आहे ना? नाही, तुमची तीन कामं राहिली आहेत म्हणून विचारलं." तीस वर्षांत साहेबानं असं लाजवलं नव्हतं. मी पहाटे पाचला उठून गायींना वैरण घालू लागलो. दुपारची झोप गेली. आणि एक दिवस लक्षात आलं की, निवृत्त झाल्यापासून मला एकही रविवार मिळालेला नाही.

शेजारचे आबा खरे शेतकरी. खाली ओढ्याकाठी भात, वर थोडा ऊस. भाताची रोपलावण करून संध्याकाळी गुडघाभर चिखलानिशी आमच्या सोप्यावर टेकले. मी फोनमध्ये मान घालून बसलेलो.

"काय करतायसा?"

"ऊस काढतोय, आबा. अर्ध्या तासाचा आहे."

आबांनी पान लावायचं थांबवलं. त्यांचा अडसाली ऊस लावल्यापासून तुटेपर्यंत सोळा-अठरा महिने घेतो. "अर्ध्या तासाचा? जात कुठली म्हनायची? 86032 का 265?"

मी म्हटलं, जात नाही, नुसताच ऊस.

"तोडीला टोळी कोन आनतं?"

"टोळी लागत नाही. बोट फिरवलं की तुटतो."

"आनि काट्यावर वजन मारत न्हाईत?"

"नाही."

"पानी पाजाय रातचं उठायला लागतं का?"

"नाही. पाऊसही नाही."

"गवा येतोय का रानात?"

"गवाही नाही, आबा."

आबा बराच वेळ गप्प राहिले. मग माझ्या चेहऱ्याकडं, सुजलेल्या डोळ्यांकडं नीट पाहून अतिशय मायेनं म्हणाले, "राखन न्हाई, गवा न्हाई, टोळी न्हाई, काटा न्हाई. मग तुमी एवढं दमतायसा कशानं?"

या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. आबा "दमलो बा आज" म्हणत, हसत हसत उठून जेवायला गेले आणि, त्यांच्या घोरण्यावरून सांगतो, नऊला झोपले. मी साडेअकराला मका काढला.

उत्तर शोधायला मला बरंच लांब जावं लागलं. 1974 साली न्यूयॉर्कच्या हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञानं 'बर्नआउट' हा शब्द वैद्यकाच्या चर्चेत आणला. जळून खाक होणं, विझणं. त्यानं हे विझणं पाहिलं ते गरिबांसाठी चालवलेल्या मोफत दवाखान्यात, मनापासून राबणाऱ्या स्वयंसेवकांत आणि स्वतःतही. म्हणजे हा रोग कामचुकारांना होत नाही. जो जीव लावतो, त्यालाच होतो. इथपर्यंत वाचून मला बरं वाटलं. पुढं जागतिक आरोग्य संघटनेची रोगांची वर्गवारी आली, ती 1 जानेवारी 2022 पासून लागू आहे. तीत 'गेमिंग डिसऑर्डर' हा आजार आहे: खेळावर ताबा उरत नाही, बाकी सगळ्याआधी खेळ येतो, नुकसान दिसत असूनही थांबवत नाही, तो. विझण्याचीही नोंद आहे, पण आजार म्हणून नाही, आणि खाली स्पष्ट शेरा मारला आहे की, हा शब्द फक्त नोकरी-व्यवसायाच्या संदर्भातच वापरावा; आयुष्याच्या इतर बाबतींत वापरू नये.

तीस वर्षं शासकीय परिपत्रकं वाचल्यामुळे मला त्यातली मेख लगेच कळली. थकवा जर फक्त नोकरीतच येत असेल, आणि मला तो खेळात आला असेल, तर नियमानुसार दोनच शक्यता उरतात. एक तर मला थकवा आलेला नाही, किंवा मी करतोय तो खेळ नाही. पहिली शक्यता आरशानं फेटाळली. हजेरी आहे, वरिष्ठ आहेत, आठवड्याचं उद्दिष्ट आहे, मागे पडल्यास मृदू विचारणा आहे. पगार, रजा आणि पेन्शन तेवढं नाही. आबांना उत्तर मिळालं: शेती केल्यानं मी दमलो नव्हतो. मी नोकरीला लागलो होतो.

हे सारं मी गंमत म्हणून सांगतोय. पण आमच्या घरात या नोकरीवर आणखी एक जण होता, आणि त्याची गंमत वाटत नव्हती. माझा पुतण्या, वय एकोणीस. त्याचं खातं लढाईचं. शंभर जण विमानातून उड्या टाकतात आणि एक टोळकं उरेपर्यंत लढतात. या पोरांना एकदा सरकारनंच सक्तीची रजा दिली होती; 2 सप्टेंबर 2020 ला पबजीवर बंदी आली, आणि पुढच्या वर्षी खेळ नवं नाव घेऊन परतला. पुतण्या पूर्वी खेळताना ओरडायचा, हसायचा, पलंगावर उभा राहायचा. आम्ही वैतागायचो. या वर्षी त्याचा आवाजच बंद झाला होता. रात्री दोनपर्यंत तो भिंतीला टेकून, मख्ख चेहऱ्यानं, सही ठोकणाऱ्या कारकुनासारखा गोळ्या घालत बसायचा. तो चेहरा मी ओळखतो. निवृत्तीपूर्वीची पाच वर्षं माझा तोच होता.

मी विचारलं, "मजा येते का रे?"

"मजा कुठली, काका? सीझन संपत आलाय."

"मग सोड की."

तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "चौघांचा स्क्वॉड आहे. मी गेलो तर तिघंच राहतील."

मला पटकन काही बोलता आलं नाही. मला वाटलं होतं, पोराला खेळानं धरून ठेवलंय. त्याला तीन माणसांनी धरलं होतं. आणि मला तरी कोणी धरलं होतं? गव्हानं? पहाटे पाचला मी उठत होतो ते इचलकरंजीच्या वहिनींना वाईट वाटू नये म्हणून.

कारकुनाला संकटात एकच गोष्ट सुचते: अर्ज. मी गटावर रीतसर अर्ज टाकला. 'विनंती की, अर्जदाराचे वय व डोळे विचारात घेऊन त्यास येत्या मंगळवारपासून शर्यतीच्या सेवेतून मुक्त करावे. शेत व कोंबड्या सुस्थितीत आहेत.' रात्रभर झोप नाही. सकाळी पाहतो तो सात अर्ज! साताऱ्याचे एक मास्तर, कराडच्या दोघी बहिणी... सगळ्यांचं म्हणणं एकच, काकांनी तोंड फोडलं म्हणून बरं झालं. आणि शेवटी वहिनींचा निरोप: "काका, मलाही वर्षभर कंटाळा आला होता. तुम्ही एवढे पहाटे उठून करता, तुमचं मन कसं मोडायचं म्हणून चालवत होते."

पुतण्याला मी हा निरोप वाचून दाखवला. त्यानं त्या तिघांना काय विचारलं, मला ठाऊक नाही. पण रात्री त्याच्या खोलीतून बऱ्याच महिन्यांनी हसण्याचा आवाज आला. चौघंही उरलेल्या तिघांसाठी जागत होते म्हणे.

खेळ संपवायला पूर्वी अंधार पडत असे, पाऊस येई, नाहीतर कोणाची तरी आई हाक मारी. आता ते काम आपल्यापैकीच कोणीतरी करायला हवं. अट एकच, पहिला अर्ज कोणी टाकायचा.

आमचा शेतकऱ्यांचा गट मात्र मोडला नाही. तो व्हॉट्सॲपवर आला आहे आणि तिथं सगळे जण पहाटे पाचला एकमेकांना फुलांसकट सुप्रभात म्हणतात. उत्तर दिलं नाही तर वहिनी तब्येतीची चौकशी करतात. या थकव्याला अजून नाव नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढच्या वर्गवारीची मी वाट पाहतो आहे.