पाटातलं काळं ऑइल

लातूर जिल्ह्यात मांजरेकाठी आमच्या विहिरीवर किर्लोस्करचं डिझेल इंजिन होतं. सातवीत असताना मी एकट्यानेच त्याचं ऑइल बदलायला गेलो. खालचा बोल्ट सोडला अन् काळं ऑइल सगळं पाटात! पाण्यावर रंगीत तवंग आला. छान दिसला, खोटं कशाला बोलू? पण संध्याकाळी गायीने त्या पाण्याला तोंड लावलं नाही. दादा रागावले नाहीत. गुपचूप पाट उपसत बसले.

पुढच्या खेपेला त्यांनी शेजारी बसवलं. आधी इंजिन पाच मिनिटं चालवलं, म्हणजे ऑइल पातळ होऊन काजळीसकट निघतं. मग बंद करून, खाली घमेलं ठेवूनच बोल्ट सोडला. जुनं ऑइल डब्यात, नवं नरसाळ्याने, पट्टीच्या खुणेपर्यंत. वायसर मात्र मी विसरलो. रात्रभर ठिबकलं, पण घमेल्यातच!