निळ्या कागदावरचे पान

शासकीय सेवेत असताना जुन्या तलावांचे आणि पुलांचे निळे नकाशे मी पुष्कळ हाताळले. गर्द निळ्या भूमीवर पांढऱ्या रेषा. नस्ती उघडावी, माप पाहावे, नस्ती बांधावी, एवढाच आमचा संबंध. त्या निळाईत काही सौंदर्य असेल, असे कधी मनातही आले नाही.

निवृत्तीनंतर वाचनात आले, की ही रीत जॉन हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने १८४२ मध्ये शोधली. लोहाच्या दोन क्षारांचे मिश्रण कागदावर लेपावे, वर वस्तू ठेवून ऊन दाखवावे आणि पाण्यात धुवावे. ऊन पोचते तेथे निळे, सावली राहते तेथे पांढरे. पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स या इंग्रज विदुषीने समुद्रशैवालांचे असे छाप घेऊन ग्रंथ काढण्यास आरंभ केला. सूक्ष्म शैवाल हाताने हुबेहूब रेखाटणे अवघड, म्हणून तिने ते काम सूर्यावर सोपवले. दहा वर्षे हा उद्योग चालला. हेतू शास्त्राचा होता. हाती आली ती कलाही.

तीन उन्हाळ्यांपूर्वी नात असाच लेपलेला कागद घेऊन सौंसरजवळच्या आमच्या बागेत आली. वडिलांनी लावलेले एक संत्र्याचे झाड डिंक्याने खंगले होते. ते तोडण्याचा निर्णय माझाच. ती म्हणाली, "आजोबा, याचंच पान घेऊ."

पानावर काच ठेवली, ऊन दाखवले आणि कागद बादलीत धुतला. पान जाड, त्यामुळे शिरा उमटल्या नाहीत; पण देठ, कडा आणि अळीने कुरतडलेली खाच स्पष्ट आली. जुन्या सवयीने मी पट्टी लावली. पान आणि छाप, दोन्ही सव्वातीन इंच. माप जुळले आणि डोळे भरून आले. लग्नघराच्या भिंतीवर हळदीच्या हाताचा ठसा असतो, तसेच हे. येथे हात टेकला होता, याची ती साक्ष.

झाड पावसाळ्यापूर्वी गेले. छाप खिडकीपाशी लावला होता. उन्हाने तो फिका पडला. मी हळहळलो. मग आठवले, की असा छाप काही दिवस अंधारात ठेवला, तर गेलेला रंग बराचसा परततो. तो वडिलांच्या हिशेबाच्या वहीत ठेवला. दिवाळीला नात आली तेव्हा वही उघडली. पान निळाईत पुन्हा उजळले होते.