सोड्यांची बरणी

आमच्या शोकेसमध्ये शिंपल्यांचं एक बदक आहे. पाचवीच्या मे महिन्याच्या सुट्टीत अलिबागच्या किनाऱ्यावर रडूनभेकून घेतलेलं. दोन मोठ्या शिंपल्यांचं पोट, एकावर एक चिकटवलेल्या शंखांची मान आणि पायाखालच्या पाटीवर लाल रंगात 'अलिबाग'. भातसानगरला पोचेपर्यंतच त्याची चोच गळून पडली. बाबांनी फेविकॉलने लावली, ती जरा वाकडी बसली, आणि तेव्हापासून ते बदक मान तिरकी करून शहापूरच्या एसटीची वाट बघत बसलंय.

त्याच सुट्टीत शेजारच्या काकूही अलिबागहून परतल्या. त्यांचं माहेर-सासर दोन्ही तिकडचंच, काका नोकरीसाठी इथे. त्यांनी आल्या आल्या आईच्या हातात बोर्नव्हिटाची जुनी बरणी ठेवली. झाकणावर प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यावर रबर, त्यावर आणखी एक पिशवी, तिलाही रबर. एवढा बंदोबस्त करूनही वास यायचा तो आलाच. आत सोडे होते. म्हणजे सोललेली, उन्हात कडकडीत वाळवलेली कोळंबी. मी नाक दाबून माझं बदक घेऊन आत पळाले. ही काय भेट झाली, असं मला अगदी मनापासून वाटलं होतं.

बदक अजून आहे. सोडे त्याच पावसाळ्यात संपले. आणि तरी त्या सुट्टीतून आमच्या घरात नेमकं काय आलं असं कुणी विचारलं, तर मला आधी बरणी आठवते.

आमची वसाहत भातसा धरणाची. पाटबंधारे खात्याची क्वार्टर्स, एकसारख्या खिडक्या, एकसारखे ओटे. माणसं मात्र एकसारखी नव्हती. कुणी साताऱ्याचं, कुणी सोलापूरचं, कुणी पार वर्ध्याचं. शाळा सुटली की मे महिन्यात वसाहत ओस पडायची आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा भरायची. मग ओट्यांवरून वाट्या फिरू लागायच्या. कोल्हापूरचा गूळ, सांगलीचे बेदाणे, सोलापूरची शेंगाचटणी, नागपूरची संत्राबर्फी. याला आमच्याकडे भेटवस्तू म्हणत नसत. वानवळा म्हणत. भेटवस्तूला चकचकीत कागद लागतो, वानवळ्याला वाटी पुरते. आणि त्या वाटीचा एकच कायदा असतो, ती रिकामी परत करायची नाही. घरात काही नसेल तर चिमूटभर साखर घालून द्यायची, पण रिकामी नाही.

प्रश्न असा होता की आम्ही काय द्यायचं? आमचं गावही इथलंच, शहापूर तालुक्यातलं. आम्ही गावाला म्हणून जाणार कुठे आणि आणणार काय? आई म्हणायची, "आपल्याकडे काय आहे, नुसता डोंगर." पण डोंगर नुसता नसतो. एप्रिल-मेमध्ये करवंदं, पाऊस तोंडावर आला की जांभळं, आणि पहिली सर पडून गेली की शेवळं.

शेवळं ज्यांनी पाहिली नसतील त्यांना कशी दाखवावी? पहिल्या पावसाने जमीन भिजली की, अजून पानाचा पत्ता नसताना, झाडोऱ्यातून एक तपकिरी-जांभळट कोंब वर येतो. एखाद्या बंद छत्रीसारखा. वाडीवरच्या मावशी त्यांच्या जुड्या पळसाच्या पानावर मांडून बाजारात बसतात आणि शेजारी काकडाच्या हिरव्या आंबट फळांचा वाटा ठेवतात. हा वाटा वेगळा मागावा लागत नाही, तो शेवळांबरोबरच घ्यायचा असतो. मी एकदा नुसतीच जुडी उचलली तर मावशीने माझ्या हातून ती काढून घेतली. "काकडाबिगर खाशील तं घसा धरंल, बाय," म्हणाली, आणि मूठभर काकडं माझ्या पिशवीत टाकूनच जुडी परत दिली. शेवळं खाजरी असतात. काकडाच्या आंबटाने ती खाज मरते.

ती जुडी त्या जूनमध्ये आईने काकूंना दिली, सोड्यांच्या रिकाम्या झालेल्या बरणीबरोबर. काकू नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, सोडे संपवलेत की काय? शेवळांत घालायला हवे होते!" पुन्हा आपल्या फळीवरचे मूठभर सोडे काढून त्यांनी आईला आपल्या ओट्याशी उभं केलं. शेवळाचं बाहेरचं आवरण सोलून काढलं. आतल्या दांड्याचा पिवळा रवाळ भाग मोडून टाकून दिला, "हा ठेवला तर रात्रभर घसा खाजवत बसाल." बाकीचं बारीक चिरलं. काकडं ठेचून पाण्यात कोळली आणि त्या पाण्यात शेवळं शिजायला टाकली. दुसरीकडे तेलात भरपूर कांदा, त्यात कोमट पाण्यात भिजवून पिळलेले सोडे. सोडे तेलात पडले आणि मी ज्या वासापासून पळाले होते तोच वास एकदम दुसरा झाला. खमंग, गोडसर, भूक खवळवणारा. शेवटी खोबऱ्याचं वाटण आणि दोन आमसुलं.

त्या दिवशी कळलं की अलिबागच्या जुन्या स्वयंपाकघरांत, विशेषतः कायस्थ प्रभूंच्या, ही जोडी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली आहे. शेवळं डोंगराची, सोडे दर्याचे. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात. 1 जूनपासून यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद होते, म्हणून त्याआधी आगोट भरायची. सोडे, सुकट, बोंबील, वाकट्या डब्यांत जायच्या. आणि नेमकी तेव्हाच डोंगरावर शेवळं उगवतात. समुद्र बंद होतो तेव्हा जंगल उघडतं. कुणीतरी कधीतरी डोक्यावरून एकाची पाटी दुसऱ्याकडे नेली असेल, त्याशिवाय ही भाजी झालीच नसती.

तेव्हापासून मी समुद्रावरून काही आणायचं म्हटलं की स्वतःला एकच विचारते, आपल्या घरात याची वाट कोण बघतंय?

या कसोटीला किनाऱ्यावरच्या निम्म्या टपऱ्या उतरत नाहीत. तांदळाच्या दाण्यावर नाव, शिंपल्यांचा आरसा, 'आय लव्ह अलिबाग' लिहिलेली टोपी. यांची घरात कुणीच वाट बघत नसतं. म्हणून ती शोकेसमध्ये जाऊन बसतात. पण अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची वेणी घ्या. भाताचं पीक निघालं की त्याच वावरात हा कांदा लावतात, फेब्रुवारीपासून तो रस्त्याच्या कडेला झुलायला लागतो. पातीनेच पात गुंफून एवढी देखणी वेणी घालतात की भेट म्हणून वेगळं सजवायची गरज नाही. 2022 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पण आमच्या घरी त्याची किंमत त्याच्या आधीपासून ठरलेली आहे. वाऱ्यावर टांगून ठेवला तर टिकतो, तिखट नसतो, आणि मुलं भाकरीबरोबर कच्चा खातात. वेणी स्वयंपाकघराच्या दारात टांगायची आणि खालून एकेक कांदा काढत जायचा. वेणी आखूड होत जाते आणि सुट्टी किती मागे पडली ते दाखवते. असं कॅलेंडर कुठल्या दुकानात मिळत नाही.

पेणला एसटी थांबली तर पोह्याचे पापड आणि मिरगुंडं घ्यावीत, पावसात तळायला. नागावच्या वाडीतले नारळ घ्यावेत, पण सोललेले नाहीत, सोडणासकट. जड होतात खरे, पण टिकतात आणि शेंडी घंगाळ घासायला येते. कोकमाचं आगळ घ्यावं, बाटलीला घट्ट बूच लावून. लहान मुलांसाठी काहीच विकत घेऊ नये. त्यांना ओहोटीला वाळूतून हिंडवावं आणि त्यांच्या खिशात काय राहतं ते बघावं. आमच्या मुलाने एका सुट्टीत फक्त वाळू आणली होती, दोन्ही खिसे भरून. वॉशिंग मशिनने ती आमची आठवण आठवडाभर जपली.

आणि मीठ आणावं. हे मला माझ्या पुतणीने शिकवलं. ती फ्रान्समध्ये असते. तिकडच्या पश्चिम किनाऱ्यावर गेरांद नावाचं गाव आहे, तिथे ती दर उन्हाळ्यात सुट्टीला जाते. गेल्या नाताळात आली तेव्हा घरातल्या प्रत्येकासाठी कापडाची एकेक लहानशी पुरचुंडी आणली होती. आम्हाला वाटलं अत्तर, साबण, फार तर चॉकलेट. निघालं मीठ. करड्या रंगाचं, जाडं, किंचित ओलसर. भरतीचं पाणी चिकणमातीच्या उथळ खाचरांत खेळवत नेतात आणि उन्हावाऱ्याने आटवतात, तळाशी जमतं ते हे करडं मीठ. संध्याकाळी पाण्यावर पातळ सायीसारखा थर धरतो, तो हलक्या हाताने वरच्यावर काढतात. त्याला ते लोक मिठाचं फूल म्हणतात आणि भारी भावाने विकतात. पुतणी कौतुकाने सांगत होती. माझ्या सासूबाईंनी एक खडा जिभेवर ठेवला, डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, "हे तर आपलं खडेमीठ!"

खरंच होतं ते. उरण, पेण, भाईंदर, भांडुप-मुलुंडची मिठागरं. तीच खाडी, तीच भरती, तीच चिखलाची खाचरं. लोकलच्या खिडकीतून पांढऱ्या ढिगांच्या रांगा आम्ही लहानपणापासून बघितलेल्या. सासूबाईंच्या घरी वर्षाचं खडेमीठ चिनीमातीच्या बरणीत भरून ठेवत आणि लोणच्याला तेच घालत. मग पिशवीतलं बारीक पांढरं मीठ आलं, सुळकन घसरणारं, आणि खडेमीठ दृष्ट काढण्यापुरतं उरलं. गेरांदच्या लोकांनी त्यालाच कापडी पुरचुंडी शिवली. पुतणी परत जाताना सासूबाईंनी तिच्या हातात त्याच पुरचुंडीत उरणचं मीठ भरून दिलं. पुरचुंडी रिकामी कशी द्यायची?

वाटीच्या या कायद्यातून मला आमचं धरणही सुटलेलं दिसत नाही. लहानपणी बाबा आम्हाला भिंतीवर नेऊन आकडे पाठ करून घ्यायचे. पूर्ण भरल्याची पातळी 142.07 मीटर, साठा 7,17,037 दशलक्ष लिटर. मुंबईला पाणी देणाऱ्या सातही तलावांचा मिळून जेवढा साठा, त्याच्या जवळजवळ निम्मा एकट्या भातसाचा. इथून सोडलेलं पाणी नदीच्या पात्रानेच खाली पिसे बंधाऱ्यापर्यंत जातं, तिथे उचलून पांजरापूरला शुद्ध होतं आणि मुंबईच्या नळाला लागतं. एवढी मोठी वाटी आम्ही वर्षभर शेजारी पाठवत असतो. आणि मे महिन्यात तालुक्यातल्या पाड्यांवर बायका टँकरची वाट बघत हंड्यांची रांग लावतात. त्या रांगेत उभं राहिलं की कायदा बरोबर आठवतो. कुणाच्या तरी घरून वाटी रिकामीच परत आलेली आहे.

काका निवृत्त झाल्यावर काकू अलिबागला परत गेल्या. बरणी मात्र जात-येत राहिली. बोर्नव्हिटाची फुटली, मग हॉर्लिक्सची आली, आता फिरकीच्या झाकणाची पारदर्शक आहे. आम्ही मे महिन्यात जातो तेव्हा तिच्यात करवंदांचं लोणचं असतं. आसनगावहून पहाटेची लोकल, मग गेटवेहून मांडव्याची लाँच. परतताना तिच्यात सोडे असतात. झाकणावर पिशवी, पिशवीवर रबर. लाँचमध्ये वारा फिरला की शेजारचे प्रवासी आधी एकमेकांकडे आणि मग माझ्या पिशवीकडे बघतात. मी समुद्राकडे बघते.

यंदा मेच्या अखेरीला धरणाचा तळ उघडा पडत चालला होता. काठाची माती भेगाळून तिचे खापरीसारखे तुकडे झाले होते. एरवी पाण्याखाली असणारी जुनी पायवाट वर आली होती, दोन्ही बाजूंचे बांधही ओळखू येत होते. भिंतीवरून ती वाट बघत उभी होते तेव्हा काकूंचा फोन आला. आता त्यांना ऐकायला कमी येतं, म्हणून त्या मोठ्याने बोलतात. मागे पत्र्यावर काहीतरी धडधडत होतं.

"ऐकू येतंय का गं? इकडे लागला पाऊस! समुद्रावरून निघालाय, तुमच्याकडेच येतोय. बरणी काढून ठेव."

मी आकाशाकडे पाहिलं. माहुलीच्या सुळक्यांवर अजून लख्ख ऊन होतं. तरी घरी जाऊन मी सोड्यांची बरणी खाली उतरवली आणि काकडं मिळतील का ते बघायला बाजाराची पिशवी घेतली.