कोंडा, कलेजी आणि कबाब

कोंबडीच्या मांसात फायबर शून्य असतं. वीस-बावीस टक्के प्रथिनं, थोडी चरबी, बाकी बहुतेक पाणी. म्हणून पाकिटावर ‘फायबरयुक्त चिकन नगेट’ असं वाचलं की, फायबर कुठून आलं आणि किती आलं, हे मी आधी बघते. मांसतंत्रज्ञानात काम करणाऱ्याला ही खोडच लागते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2018च्या नियमांनुसार 100 ग्रॅम पदार्थात किमान 3 ग्रॅम फायबर असेल, तरच तो ‘फायबरचा स्रोत’. 6 ग्रॅम असेल तर ‘भरपूर’.

बीड जिल्ह्यात बचत गटांच्या बायकांशी बोलताना पहिला प्रश्न ठरलेला: “ताई, ज्वारीचं पीठ घातलं तर चालंल ना?” चालतं, पण हिशेब बघा. ज्वारीत फायबर दहा टक्क्यांच्या आसपास. 100 किलो खिम्यात 10 किलो पीठ गेलं, तर वाट्याला येतो जेमतेम 1 टक्का. नुसत्या पिठानं 3 टक्के गाठायचे तर 30 किलो ओतावं लागेल. मग ती चिकनच्या वासाची भाकरी झाली. गव्हाच्या कोंड्यात मात्र चाळीस टक्क्यांच्या वर फायबर असतं, 7 किलोत काम भागतं. जवसात पंचवीस टक्क्यांच्या पुढे. डाळमिलमधून निघणारी तुरीची टरफलंही फायबरनं भरलेली, पण ती जनावरांच्या पुढ्यात जातात. माणसाला ती तुरट लागतात, म्हणून बारीक दळून थोडीच घालायची.

कोंडा नुसता मिसळून भागत नाही. खिमा, मीठ आणि बर्फ यंत्रात फिरतात तेव्हा मिठामुळे मांसातली प्रथिनं सुटतात आणि चरबीच्या कणांभोवती बसतात. तापमान 12 अंशांच्या वर गेलं की हे बंध ढिले पडतात, आणि शिजवताना चरबी नि पाणी वेगळं होतं. कोंडा आधी भिजवून घातला तर तो ते पाणी धरून ठेवतो, वजन कमी घटतं. कोरडा घातला तर तो मांसातलंच पाणी ओढतो. कबाब कापताना भुगा होतो आणि जिभेला रवाळ लागतं. जवस घातलं तर आणखी एक भानगड: त्यातलं तेल लवकर खवट होतं. भाजून, कुटून, त्याच दिवशी वापरावं.

आता लोहाकडे वळू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. दिवाळीच्या सुमारास बीडमधून ऊसतोडीला ज्या टोळ्या निघतात, त्यांतल्या बायकांना भाकरी आणि चटणीवर कोयता चालवावा लागतो. परभणीच्या कृषी विद्यापीठानं इक्रिसॅटबरोबर ‘परभणी शक्ती’ ही ज्वारी 2018मध्ये आणली. तिच्यात किलोमागे सुमारे 45 मिलिग्रॅम लोह. वाण चांगलाच आहे, पण त्याचं 10 टक्के पीठ घातल्यावर 100 ग्रॅम कबाबात जेमतेम अर्धा मिलिग्रॅम लोह येतं. त्यातही कोंड्यातलं फायटिक आम्ल लोहाला अडवतं. म्हणजे फायबर वाढवताना आपण लोहाची वाट थोडी बंद करतो, हे पाकिटावर कोणी छापत नाही.

माझं मत असं की लोहासाठी पिठाच्या मागे लागू नये. कोंबडीच्या कलेजीत 100 ग्रॅममागे सुमारे 9 मिलिग्रॅम लोह असतं, शिवाय अ जीवनसत्त्व. खिम्यात दहावा भाग कलेजी घातली की पिठाच्या दुप्पट लोह मिळतं. फक्त पित्ताची हिरवी पिशवी अख्खी काढायची. ती फुटली तर सगळा घाणा कडू. आणि ‘परभणी शक्ती’ची भाकरी करून कबाब तिच्याबरोबर खावा, वर लिंबू पिळून. मांसामुळे आणि लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे भाकरीतलं लोह अंगी जास्त लागतं.

अवघड दुखणं मिठाचं आहे. प्रथिनं सुटायला दीड-दोन टक्के मीठ लागतं, म्हणजे 100 ग्रॅम कबाबात 2 ग्रॅमपर्यंत. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराला 5 ग्रॅमच्या आत राहा म्हणते. भिजवलेल्या कोंड्यानं पाणी धरलं की मीठ थोडं उतरवता येतं, पण काढून टाकता येत नाही. आणि तोच कबाब पावाच्या चुऱ्यात घोळवून तेलात सोडला, तर कोंड्यानं कमावलेलं तेलातच जातं. गटांना मी तळायला नाहीच म्हणते: वाफवा, तव्यावर परता. गोठवलेला माल उणे 18 अंशांवर राहावा लागतो आणि आपल्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. तेव्हा सकाळी करा, आतपर्यंत नीट शिजवा आणि त्याच दिवशी विका. ‘फायबरयुक्त’ हा शब्द मात्र प्रयोगशाळेचा दाखला हातात आल्याशिवाय छापू नका.