पोटातली हिरकणी

मुलांनो, अंगठीतला हिरा गिळून कुणीतरी प्राण सोडल्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. आमच्या आजीच्या गोष्टीतली राणी तर शत्रू दारात आला रे आला, की हिरकणी गिळायची! ही समजूत काही आपल्याकडेच नव्हती. सोळाव्या शतकात इटलीत बेन्वेनुतो चेल्लिनी नावाचा मोठा सोनार आणि शिल्पकार होऊन गेला. त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय, की तुरुंगात असताना त्याच्या जेवणात हिऱ्याची पूड कालवण्याचा बेत होता. पण ज्याला हिरा कुटायला दिला, त्याने तो स्वतःच ठेवून घेतला आणि भलताच हलका खडा कुटून दिला. म्हणे त्यामुळेच चेल्लिनी वाचला!

खरं सांगू? हिरा हे विष नव्हेच. तुमच्या पेन्सिलीच्या शिशात जो कार्बन असतो, तोच हिऱ्यात असतो, फक्त अगदी घट्ट बांधलेला. (टोकदार खडा गिळणं केव्हाही वाईटच. तेव्हा आईच्या चमकीवर प्रयोग करायचा नाही, काय?) आणि आज तर शास्त्रज्ञ मुद्दाम जिवंत शरीरात हिरे सोडून पाहताहेत. मारायला नव्हे, वाचवायला.

अर्थात हे हिरे वेगळे. कंपासपेटीतली पट्टी काढा पाहू. तिच्यावरच्या दोन बारीक रेघांमध्ये एक मिलिमीटर अंतर असतं. तेवढ्या जागेत एका ओळीत २ लाख हिरे मावतील, इतके हे बारीक! एकेक साधारण ५ नॅनोमीटरचा. म्हणून त्यांना नॅनोहिरे म्हणतात. १९६३ साली तेव्हाच्या सोव्हिएत संघात शास्त्रज्ञ बंद टाकीत स्फोटकं उडवून प्रयोग करत होते. आत प्राणवायू पुरेसा नसल्याने स्फोटकातला सगळा कार्बन जळत नाही. उरलेल्यावर क्षणभर प्रचंड दाब येतो, भयंकर उष्णता मिळते. मागे राहते ती काळीकुट्ट काजळी. आणि त्या काजळीत हिरे! चुलीवरच्या पातेल्याची काजळी घासताना मला हे हटकून आठवतं.

दुसऱ्या जातीचे नॅनोहिरे थोडे मोठे, शंभरेक नॅनोमीटरचे असतात. त्यांची गंमत अशी, की हिऱ्यात सगळे कार्बनचे अणू वर्गातल्या बाकांवर बसावे तसे ओळीने बसलेले असतात. समजा, मध्येच एका जागी नायट्रोजनचा अणू, म्हणजे दुसऱ्या शाळेतला मुलगा, येऊन बसला आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी राहिली. मग अशा हिऱ्यावर हिरवा प्रकाश टाकला, की तो लालसर चमकतो. पेशी रंगवायचे नेहमीचे चमकते रंग प्रकाशाखाली हळूहळू फिके पडतात, उन्हात वाळत घातलेल्या सदऱ्यासारखे. हा हिरा मात्र तासन् तास तसाच!

तैवानमधल्या शास्त्रज्ञांनी २०१० साली एका जंतावर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. सी. एलिगन्स हे त्या जंताचं नाव. लांबी जेमतेम एक मिलिमीटर, आणि अंग काचेसारखं आरपार दिसणारं. म्हणजे आत काय चाललंय, ते बाहेरून सूक्ष्मदर्शकाखाली बघता येतं. त्यांनी त्याला हिरे खाऊ घातले. नुसते हिरे आतड्याच्या पोकळीतच राहिले. पण साखरेच्या जातीच्या एका पदार्थाचा किंवा प्रथिनाचा लेप दिलेले हिरे आतड्याच्या पेशींमध्ये शिरले. काही जंतांच्या अंडी तयार होतात त्या भागात सुईने हिरे सोडले, तर ते पुढे अंड्यांत आणि त्यातून निघालेल्या पिलांतही चमकले! जंतांचं आयुष्य कमी झालं नाही, पिलांची संख्याही घटली नाही. आजीची राणी इथे असती तर चक्रावलीच असती.

मला या विषयाची गोडी लागली, ती मात्र जंतांमुळे नाही. माझ्या मावशीला कर्करोग झाला होता, तेव्हा तिच्या हाताच्या नळीतून थेंब थेंब उतरणारं तांबडं औषध मी पाहिलंय. डॉक्सोरुबिसिन त्याचं नाव. तिचा कमरेपर्यंतचा शेपटा आठवडाभरात उशीवर आला. हे औषध हृदयालाही इजा करू शकतं, म्हणून ते बेतानेच द्यावं लागतं. शिवाय काही हट्टी कर्कपेशी आत आलेलं औषध, विहिरीवरच्या पंपाने पाणी उपसावं तसं, बाहेर फेकून देतात.

अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी हेच औषध नॅनोहिऱ्यांवर चिकटवलं. हिऱ्यावर बसलेलं औषध सावकाश सुटतं आणि पेशीला ते चटकन उपसता येत नाही. २०११ साली त्यांनी उंदरांवरचे निष्कर्ष छापले. औषधाला दाद न देणाऱ्या गाठींची वाढ रोखली गेली होती, आणि नुसतं औषध दिलेल्या उंदरांपेक्षा या उंदरांना त्रासही कमी झाला होता.

पण उंदीर म्हणजे मावशी नव्हे. कर्करोगाच्या रुग्णांना असं हिऱ्यावरचं औषध देणं अजून रोजच्या उपचारात आलेलं नाही. माणसाच्या दातापर्यंत मात्र नॅनोहिरे पोचलेत. दाताच्या मुळातली कीड साफ केल्यावर आतली पोकळी रबरासारख्या पदार्थाने भरतात. त्यात नॅनोहिरे मिसळून लॉस एंजेलिसमध्ये तीन रुग्णांच्या दातांत भरले. २०१७ साली ती हकिगत प्रसिद्ध झाली.

हे सगळं चौथीच्या वर्गात सांगत होते, तर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, पण मग तो हिरा अंगातून बाहेर कसा येतो?"

प्रश्न अगदी वर्मावर बोट ठेवणारा होता. हिरा विरघळत नाही, कशाशी संयोग पावत नाही, म्हणून तर तो शरीरात सोडायला बरा. पण त्याच कारणाने शरीर त्याला पचवून संपवूही शकत नाही. उंदरांच्या रक्तात सोडलेले नॅनोहिरे यकृतात, प्लीहेत आणि फुप्फुसांत जाऊन बसलेले आढळले आहेत. आपल्या मूत्रपिंडाची चाळणी साधारण ६ नॅनोमीटरपर्यंतचे कण लघवीवाटे बाहेर जाऊ देते. मग ५ नॅनोमीटरचा हिरा निसटायला हवा ना? पण हे हिरे एकटे राहतच नाहीत. ओल्या मिठासारख्या त्यांच्या घट्ट गुठळ्या होतात, आणि गुठळी काही चाळणीतून जात नाही. त्या गुठळ्या फोडायच्या कशा आणि पुन्हा होऊ द्यायच्या नाहीत कशा, यावर सध्या बरीच डोकी काम करताहेत.