मी, खाली सही करणार

अडुसष्टाव्या वर्षी माणसाने काय शिकावे? भजने शिकावीत, असे शेजाऱ्यांचे मत. मी मात्र नातीपुढे पायथॉन शिकायला बसलो. गिडो व्हान रोसम या डच गृहस्थाने १९९१ साली जगापुढे आणलेली ही संगणकाची भाषा. आमच्या सौ.च्या भिशीत बारा बायका. त्यांचा हिशेब संगणकावर मांडावा, अशी मला उबळ आली.

नात म्हणाली, क्लास म्हणजे छापलेला कोरा अर्ज. तो भरला की एक ऑब्जेक्ट तयार. ऑब्जेक्ट जन्मताच जे काम आपोआप चालते तो कन्स्ट्रक्टर. पायथॉनमध्ये तो 'इनिट' या नावाने लिहितात. मी 'सभासद' नावाचा क्लास केला आणि त्याच्या इनिटला दोनच गोष्टी घ्यायला सांगितले : नाव आणि रक्कम.

यंत्र म्हणाले, हा दोन घेतो, तुम्ही तीन दिलेत!

जन्मभर कारकुनी केलेल्या माणसाला कोणी मोजणी चुकल्याचे सांगितले, तर काय होते ते वाचकांनीच ओळखावे. मी पुन्हा मोजले. दोनच होत्या. नात हसली.

"आजोबा, तिसरा तो सभासद स्वतःच. पायथॉन त्याला न सांगता पुढे पाठवते. त्याच्यासाठी पहिली जागा ठेवा. तिला 'सेल्फ' म्हणायचं. दुसरं नाव दिलंत तरी चालेल, पण सगळे हेच देतात."

सेल्फ लिहिले. आत 'शिल्लक = रक्कम' असेही लिहिले. यंत्राने चकार शब्द काढला नाही. पण पहिल्या बाईंची शिल्लक विचारताच उत्तर आले, या सभासदाकडे शिल्लक नावाचे काहीच नाही!

"अगं, ५०० रुपये दिले ना मी!"

"दिलेत. पण कुणाच्या नावावर? नुसती 'शिल्लक' त्या कामापुरती. काम संपलं की गेली. 'सेल्फ.शिल्लक' लिहा, म्हणजे ती त्या बाईंच्या नावे राहील."

मला कचेरीतले छापील अर्ज आठवले. 'मी, खाली सही करणार' हे शब्द सगळ्यांना एकच. पण जो सही करील, त्याचा तो 'मी'. सेल्फ म्हणजे तो छापील 'मी'. बारा बायकांना कन्स्ट्रक्टर एकच. सेल्फ मात्र जिची पाळी तिचा.

सौ. चहा घेऊन केव्हाच्या उभ्या होत्या. म्हणाल्या, "एवढं कळायला संगणक लागला होय? दर दिवाळीला तुम्ही म्हणता, 'हे पैसे तुझे.' सण सरला की ते कुठं जातात?"

मी गप्प. ते घरखर्चात जात होते. चाळीस दिवाळ्या मी नुसतेच 'शिल्लक = रक्कम' लिहीत आलो होतो.

गेल्या आठवड्यात आम्ही दोघे पोस्टात गेलो. अर्जावर 'मी' छापलेला होता. खाली सही तिने केली.